वडिलांचा आवाज आपल्या तोंडून निघतो तेव्हा

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. मला काय समजलं ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे कुठे चुकत असेन तर तुमच्या लक्षात येईल.

तुम्ही ३४ वर्षांच्या आहात, भावंडांत थोरल्या. वडील तापट, कधी कशावरून भडकतील याचा नेम नसायचा. हात क्वचितच उचलला, पण ओरडणं, वस्तू आपटणं आणि मग दोन-दोन दिवसांचा अबोला हे नित्याचं होतं. आई त्यांच्यासमोर गप्प राहायची आणि रात्री तुमच्याजवळ येऊन मन मोकळं करायची. धाकटा भाऊ म्हणतो, "असं काही नव्हतंच, तू फार मनाला लावून घेतेस." आता तुमची मुलगी ४ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात बाहेर पडायच्या गडबडीत ती बूट घालायला तयार होईना आणि तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की हातात बूट धरून ती जागच्या जागी थिजली. रडली नाही, बोलली नाही. तुम्ही लिहिलंय, "तो आवाज माझा नव्हता, बाबांचा होता." त्यानंतर तुम्ही कुठेतरी वाचलंत की माणूस सात वर्षांच्या आतच घडून जातो. इंटरनेटवरची बालपणाविषयीची दहा प्रश्नांची चाचणी सोडवलीत, त्यात ५ गुण आले. आणि आता विचारताय: माझ्या बालपणामुळेच मी अशी झाले का? आणि हेच सगळं मी मुलीच्या वाट्याला घालणार का?

हे सगळं वाचून झाल्यावर माझं लक्ष परत परत त्या बूट धरलेल्या हाताकडे जातं. तो चेहरा तुम्ही ओळखलात, कारण कधीकाळी तो तुमचा होता. 'माझं बालपण खरंच वाईट होतं का' या प्रश्नामागे लागलात तर वर्षानुवर्षं पुरावे गोळा करत बसाल आणि भाऊ ते खोडत बसेल. मला दोन वेगळे प्रश्न जास्त कामाचे वाटतात. त्या घरात निभावून नेण्यासाठी तुम्ही काय शिकलात, जे आजही आपोआप करता? आणि तुमच्या आत्ताच्या घरात, ओरडून झाल्यावर पुढे काय होतं?

एक आधीच सांगायला हवं. मी तुम्हाला भेटलेले नाही. अशा घरातून आलेल्या दोन माणसांची वाट सारखी कधीच नसते. ताण किती वर्षं चालला, मूल तेव्हा केवढं होतं, त्याचा पिंड कसा होता, आसपास दुसरं कुणी मायेचं माणूस होतं का, पुढे जोडीदार कसा मिळाला, यावर फार काही अवलंबून असतं. यातलं बरंच तुमच्या लिहिण्यात नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते निदान समजू नका. गेली २२ वर्षं समुपदेशन करताना, निम्मा वेळ मुलांसोबत आणि निम्मा मोठ्यांसोबत, जे पाहिलं त्यावरून केलेला हा विचार आहे. जिथे पटणार नाही तिथे तुमचा अनुभव खरा माना.

बालपण आत नेमकं कसं उतरतं, तिथून सुरुवात करते. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. काही महिन्यांचं बाळ आईसमोर बसवलेलं. आई आधी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहतं. हात पुढे करतं, आवाज काढतं, मघाशी जे जे चाललं होतं ते सगळं करून पाहतं. तरी काहीच घडत नाही म्हटल्यावर नजर दुसरीकडे वळवतं, अंग आक्रसून घेतं, पुष्कळदा रडू लागतं. हा भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो आणि पालक तो ऐकून धसका घेतात. ट्रॉनिकच्या कामातून पुढे आलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्यांचं छान जमतं अशा आई-बाळांचाही ताळमेळ जेमतेम एक तृतीयांश वेळ असतो. बाकी वेळ सूर चुकतो, परत लागतो, परत चुकतो. बाळ शिकतं ते या परत लागण्यातून. बिनसलं तरी जुळवता येतं आणि त्या जुळवण्यात माझाही वाटा असतो, हे त्याला कळतं.

आता हे तुमच्या घराशी ताडून पाहा. तिथे बिनसायचं, पण जुळवलं कधीच जायचं नाही. दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी वडील काही झालंच नाही असं बोलू लागायचे. त्या दोन दिवसांत आठ-नऊ वर्षांची मुलगी मनाशी काय म्हणत असेल? मुलांना कारणाशिवाय राहता येत नाही. मोठ्यांनी कारण सांगितलं नाही तर मूल स्वतःच एक कारण तयार करतं आणि त्यात बहुतेक वेळा दोषी तेच असतं. त्यामागे एक करुण तर्क असतो. बाबाच चुकताहेत असं मानलं तर आपण अगदीच निराधार होतो. माझंच काहीतरी चुकलं असं मानलं तर निदान मी अजून शहाण्यासारखी वागून बघू शकते, एवढी आशा शिल्लक राहते. म्हणून माझ्या मते मुलावर खोल परिणाम करतो तो त्या घटनेनंतरचा काळ. मोठा आवाज काही सेकंदांचा असतो. त्याचा अर्थ मूल पुढचे दोन दिवस एकट्याने लावत बसतं.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी यालाच मनातला आराखडा म्हटलं. जवळची माणसं आपल्याशी कशी वागतात यावरून मूल एक अंदाज बांधतं: मी हाक मारली तर कुणी येईल का, आणि त्यासाठी मला कसं असावं लागेल. मेरी एन्सवर्थ या त्यांच्या सहकारी संशोधिकेने वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करतं ते पाहायचं. काही बाळं रडतात, आई आल्यावर बिलगतात आणि शांत होऊन परत खेळायला लागतात. काहींना आईने उचललं तरी चैन पडत नाही. बिलगतात आणि ढकलतातही. काही तर आई परत आली तरी वळून बघत नाहीत, खेळत राहतात. या शेवटच्या बाळांना सगळे शांत, गुणी समजायचे. पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा आतली घालमेल दिसली. त्यांना त्रास होत होता. तो न दाखवणं मात्र वर्षभरात अंगवळणी पडलं होतं.

'अंगवळणी' हा आपला शब्द मला या सगळ्या परिभाषेपेक्षा नेमका वाटतो. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पन्नाशीचे, कामात तरबेज, बोलणं मोजकं. लहानपणी वडिलांची किल्ली कुलपात कशी फिरते त्यावरून संध्याकाळ कशी जाणार हे त्यांना समजायचं. एका झटक्यात फिरली तर ठीक. दोन-तीनदा खडखडली तर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचं आणि बहिणीला आतल्या खोलीत पाठवायचं. माझ्या खोलीबाहेर कुणी दार उघडलं की त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं, खांदे जरासे वर यायचे. त्यांना स्वतःला पत्ताही नसायचा. मी हळूच दाखवून दिलं, तेव्हा पुढच्या खेपेला त्यांनीच ते पकडलं आणि बराच वेळ गप्प बसले. या कानोसा घेण्याने त्यांचं आणि बहिणीचं रक्षण झालं होतं. ते घर सुटलं, वडील गेले, त्याला कितीतरी वर्षं झाली. कान मात्र अजून किल्लीवरच.

तुमच्या बाबतीत मला आईचा भाग वडिलांपेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही, आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. रात्री आई तुमच्याजवळ येऊन बोलायची. लहान मुलीला त्यातून फार मोठं काहीतरी मिळतं: आईला माझी गरज आहे, मी विश्वासातली आहे. 'किती समजूतदार आहे' हे शब्द तुम्ही लहानपणी पुष्कळ ऐकले असतील. आई त्याच वेळी हेही सांगत असते, तिच्याही नकळत, की या घरात मोठी तू आहेस. इव्हान बोसोर्मेन्यी-नॉज आणि जेराल्डिन स्पार्क या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये या उलट्या भूमिकेला नाव दिलं. मी तिला अकाली पालकपण म्हणते. घरातली छोटी-मोठी कामं अंगावर पडण्याने मूल बिघडत नाही, उलट ते जबाबदार होतं. आईवडिलांच्या मनाची देखभाल अंगावर पडते तेव्हा गोष्ट वेगळी होते, कारण ते काम कधी संपत नाही आणि त्यात यश कधी येत नाही. तुम्ही आईला सुखी करू शकत नव्हतात. कुठलंच मूल करू शकत नाही.

अशी मुलं मोठी होऊन फार चांगली माणसं होतात. खोलीत शिरताच कोण नाराज आहे हे त्यांना कळतं. सगळे त्यांच्याशी येऊन बोलतात. फक्त स्वतः दमलोय हे त्यांना वेळेत कळत नाही, कारण स्वतःकडे बघण्याचा सरावच झालेला नसतो. म्हणून मला असं वाटतं, आणि हा कयासच आहे, की त्या बुटाच्या प्रसंगात दोन्ही आईवडील हजर होते. दिवसभर सगळ्यांचं मन राखायचं, 'मला आता होत नाही' हे एकदाही म्हणायचं नाही, हा आईचा कित्ता. मग एका बुटावर फुटायचं, हा वडिलांचा. तुम्हाला राग दोनच प्रकारे दिसला: आपटणारा आणि गिळलेला. "मी चिडले आहे, मला पाच मिनिटं हवीत" असं साध्या आवाजात म्हणणारं माणूस तुम्ही त्या घरात कधी पाहिलंच नसेल, तर ऐनवेळी तोंडून ते येणार कुठून?

आता भाऊ. तो खोटं बोलतोय असं धरून चालू नका, आणि तुम्हीच वाढवून सांगताय असंही नाही. एका छताखाली वाढलेली भावंडं एकाच घरात वाढतात असं नसतं. तुम्ही थोरल्या; वादळ आलं की मध्ये उभ्या राहायच्या. तुमच्या आड उभं राहून त्याला वादळ कमी दिसलं असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय पिंड. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा अगदी तान्ही असल्यापासून वर्षानुवर्षं अभ्यास केला. काही मुलं जन्मतःच सहज रुळणारी, काही बिचकणारी, काही तीव्रतेने प्रतिक्रिया देणारी असतात, आणि त्या पिंडाचा घराशी मेळ बसतो की नाही यावर बरंच काही ठरतं, असं त्यांना दिसलं. तोच मोठा आवाज एका मुलाच्या अंगावरून जातो, दुसऱ्याच्या पोटात गोळा होऊन राहतो.

आठवणींचं तर आणखी अवघड आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासणी झाली. लहानपणी ज्यांच्या छळाची किंवा हेळसांडीची प्रत्यक्ष नोंद झाली होती त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तसं काही सांगितलं नाही. ज्यांनी मोठेपणी सांगितलं त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची तेव्हाची नोंद नव्हती. याचा अर्थ सांगणारे खोटे असा होत नाही. घराच्या आत घडणारं बरंच काही कुणाच्याच नोंदीत येत नाही. पुढच्याच वर्षी आंद्रेआ दानेसे आणि कॅथी विडम यांनी दाखवलं की मोठेपणीच्या मानसिक त्रासाशी कागदावरच्या नोंदीपेक्षा माणसाच्या स्वतःच्या आठवणीतल्या अनुभवाचा संबंध जास्त असतो. तुमच्या आत जे राहिलं आहे त्यावर काम करायला भावाच्या सहीची गरज नाही. त्याला पटवण्याचा खटला बंद केलात तर निदान तो भाऊ म्हणून तरी तुमच्याकडे राहील.

त्या दहा प्रश्नांच्या चाचणीबद्दल थोडक्यात. तिचं मूळ व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांच्या १९९८ च्या अभ्यासात आहे. साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणाची माहिती घेतली, आणि प्रतिकूल अनुभवांचे प्रकार जितके जास्त तितकं पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं दिसलं. काम मोठं आणि महत्त्वाचं. पण ते समूहाबद्दल बोलतं. हे अनुभव किती वेळा आले, कुठल्या वयात आले, सोबत कोण होतं, यातलं काही त्या आकड्यात येत नाही. एकदा घडलेलं आणि रोज घडलेलं, दोन्हींना तिथे एकच गुण. स्वतः आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की एकेका माणसाचं भविष्य वर्तवायला हा आकडा वापरू नये. तुमचे ५ गुण एवढंच सांगतात की तुमच्यावर लहानपणी ओझं होतं. ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

मग 'सात वर्षांपर्यंत सगळं ठरतं' याचं काय? सुरुवातीच्या वर्षांचं महत्त्व खरं आहे, हे मी कमी लेखणार नाही. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर सन २००० च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी मुलं चिठ्ठी टाकावी तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेली मुलं कितीतरी बाबतींत सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली काही बाबतींत अधिक. पण ती अवस्था कुणीच कुशीत न घेण्याची होती. तुमच्या घराची तुलना तिच्याशी करू नका. आणि मुळात तिथेही मुलं सावरली.

मला ज्याचा आधार वाटतो तो अभ्यास हवाई बेटांपैकी कवाई बेटावरचा. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या सर्व ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला. ज्यांच्या घरात गरिबी, भांडणं, व्यसन, मानसिक आजार असं बरंच काही एकत्र होतं, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार एक गोष्ट सापडली: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीतरी एक माणूस, ज्याला ते मूल मनापासून हवं होतं. शिवाय जी पौगंडात भरकटली होती त्यांतलीही बहुतेक चाळिशीपर्यंत मार्गाला लागली. चांगला जोडीदार, एखादं काम, पुढे घेतलेलं शिक्षण अशा गोष्टींनी वळण बदललं. तुमच्याही बालपणात असं कुणी होतं का, ते एकदा शांतपणे आठवून पाहा. माझ्यासमोर बसलेली माणसं आधी "कुणीच नव्हतं" म्हणतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखाद्या आत्याचं किंवा चित्रकलेच्या बाईंचं नाव निघतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमच्या आत जे बसलं आहे ती त्या घरात निभावण्याची रीत आहे, आणि ती तेव्हा योग्यच होती, भावाचं बालपण खरोखर वेगळं असू शकतं, आणि काही ठरून गेलेलं नाही. आता मुलीकडे येते.

वडिलांचंच तुम्ही गिरवणार का? १९८७ मध्ये जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी तेव्हाचे अभ्यास तपासून अंदाज मांडला की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक तो पुढे आपल्या मुलांवर करतात. हे प्रमाण इतरांपेक्षा नक्कीच जास्त आहे. तरी बहुतेक लोक ती साखळी तोडतात. तोडणाऱ्यांचं वेगळेपण कशात असतं, यावर सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्ये, लहान बाळांच्या त्रासलेल्या आईवडिलांसोबत काम करून, जे लिहिलं ते मी अजून रोज वापरते. घटना दोन्ही प्रकारच्या पालकांना आठवत होत्या. पण ज्यांना त्या वेळची भीती, लाज, एकटेपण आठवत होतं ते सहसा तसं वागत नव्हते. ज्यांना घटना आठवायच्या आणि भावना मात्र पुसून गेली होती, ते तेच परत करत होते. "मलाही फटके बसले, माझं काय बिघडलं?" हे वाक्य म्हणूनच मला काळजीचं वाटतं. तुम्ही लिहिलंत की तिचा चेहरा पाहून तुमच्या घशात काहीतरी अडकलं. ते अडकणं जपून ठेवा. तो भूतकाळाचा विळखा आहे असं तुम्हाला वाटतंय. माझ्या अनुभवात साखळी तिथेच सैल होते.

याला जोडून आणखी एक. मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात मोठ्यांना त्यांच्या बालपणाबद्दल सविस्तर विचारण्याची एक पद्धत बसवली. त्यात बालपण किती चांगलं होतं यापेक्षा माणूस ते कसं सांगतो याला महत्त्व दिलं: सुसंगत सांगतो का, आईवडिलांचं बरंवाईट दोन्ही धरू शकतो का, की "सगळं छान होतं" म्हणून विषय संपवतो, की अजून त्याच भांडणात गुंतलेला आहे. १९९१ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात गरोदर बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या. त्यावरून बाळ वर्षाचं झाल्यावर आईशी त्याचं नातं सुरक्षित असेल की नाही, हे चारपैकी साधारण तिघींच्या बाबतीत बरोबर सांगता आलं. पुढच्या अभ्यासांत हा संबंध एवढा घट्ट निघाला नाही, पण तो आहे. बालपण बदलता येत नाही. त्याची गोष्ट धड सांगता येणं मात्र शिकता येतं. रोज दहा मिनिटं लिहा. एका वेळी एकच प्रसंग, आणि त्यात त्या मुलीला तेव्हा काय वाटलं तेही.

आता त्या बुटाबद्दल मुलीशी बोला. आठवडा उलटला म्हणून राहू देऊ नका. ४ वर्षांच्या मुलांना असे प्रसंग चांगले आठवतात. ती निवांत असेल तेव्हा तिच्या उंचीवर बसा आणि थोडक्यात सांगा: "त्या दिवशी तू बूट घालत नव्हतीस तेव्हा मी खूप जोरात ओरडले. तुला भीती वाटली असेल. तसं ओरडायला नको होतं, ते माझं चुकलं. तू वाईट नाहीस." आणि मग थांबा. तिला काही म्हणायचं असेल तर म्हणेल. बूट घालावे लागतात हा नियम तसाच ठेवा. ओरडण्याबद्दल माफी मागायची, नियमाबद्दल नाही. एका वडिलांनी पाच वर्षांच्या मुलाला माझ्यासमोर असंच सांगितलं. त्यांचा आवाज कापत होता. मुलाने दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं, हातातला ठोकळा त्यांना दिला आणि म्हणाला, "हा वर लाव." बोलणं तेवढंच. पण त्यानंतर तो त्यांच्या मांडीला टेकून बसला, आधी बसला नव्हता.

एक जपा. माफी मागताना तुम्हाला रडू येईल, तेही ठीक. पण "मी फार वाईट आई आहे ना गं?" असं तिला विचारू नका. ती लगेच तुमचे डोळे पुसेल, "नाही आई" म्हणेल, आणि त्या क्षणी तुमची समजूत काढण्याचं काम तिच्याकडे जाईल. ते काम तुम्हाला ओळखीचं आहे. आपलं रडणं नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ न्या.

ओरडण्याआधीचे दहा सेकंद ओळखायला शिकणं हे दुसरं काम. ते दिवसभराच्या थकव्यातून सुरू होतं. जबडा आवळला जातो, बोलण्याचा वेग वाढतो, एकच सूचना तिसऱ्यांदा दिली जाते. तुमची खूण कुठली ते आठवडाभर नुसतं बघा. ती दिसली की मोठ्याने म्हणा, "मला राग यायला लागलाय, मी जरा पाणी पिऊन येते." तिला ऐकू जाईल असं म्हणा. तुम्ही न पाहिलेला रागाचा तिसरा प्रकार ती पाहील. दरवेळी जमणार नाही. जमलं नाही की परत खाली बसून बोलायचं.

आईशी बोलावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. आईकडून काय हवं आहे त्यावर ते ठरेल. "हो, माझं चुकलं" हे ऐकायला जाणार असाल तर थोडं थांबा; पुष्कळ आया ते सहन न होऊन मुलीलाच खोटं पाडतात, आणि जखम नव्याने उघडते. ती अजूनही फोनवर वडिलांबद्दल तुमच्याकडेच गाऱ्हाणं करत असेल, तर आज बदलता येईल असं काहीतरी सांगा: "आई, तुझी काळजी वाटते, पण बाबांबद्दल हे सगळं ऐकून मला त्रास होतो. हे तू मावशीशी बोल." ती दुखावेल. तुम्हाला अपराधी वाटेल, काही आठवडे वाटेल. तरी फोन चालू ठेवा, विषय दुसरे काढा.

हे एकट्याने पुरे पडत नाहीये अशा काही खुणा असतात. ओरडणं आठवड्यात अनेकदा होणं, हात उठणं, मुलगी तुमची चाहूल लागली की गप्प होणं, जुने प्रसंग अचानक डोळ्यांसमोर येऊन झोप उडणं, जगणं नको वाटणं. यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा अनुभवी समुपदेशकाला गाठा, आणि शेवटची खूण असेल तर आजच.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे असं वाटतं, म्हणून सांगते. ती बूट घालायला नाही म्हणाली. घाई चालली होती, आई वैतागलेली दिसत होती, तरी नाही म्हणाली. तुम्ही ४ वर्षांच्या असताना वडील दाराशी उभे असते, तर तुम्ही बूट केव्हाच घालून तयार असता, कदाचित भावाचेही बांधून दिले असते. तिला तुमचा चेहरा वाचून बूट घालावे लागत नाहीत. इतकी वर्षं तुम्ही तिला काय दिलंय, ते त्या नकारात दिसतं.